हवा चालू राखजो

हिराजीदादा कुठल्याही घरातून उठताना पंखा बंद करत नसे. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं, अर्धा जिल्हा विसरतो. पण हा विसरत नव्हता, आठवणीने चालू ठेवायचा. देवळात आरती झाली, माणसं पांगली, पुजाऱ्याने पंखा बंद केला, की हा वहाणा काढून परत आत जाणार आणि पंखा लावून येणार. मच्छीमार सोसायटीच्या मीटिंगनंतर तर चेअरमन चावी घेऊन त्याच्या मागेच उभा राहायचा. एकदा चेअरमन कावला, "दादा, तुझ्या हातान बंद करायचं बटन आलंच न्हाय काय रं?"

"न्हाय आलं," हिराजीदादा शांतपणे म्हणाला. "चालू करायचं काम माझं. बंद करायचं चांगुणाचं."

चांगुणावयनी म्हणजे त्याची बायको. ती खरोखरच त्याच्या मागून घरभर फिरायची. हा मोरीतला दिवा लावून येणार, ती मालवणार. हा रेडिओ लावून झोपणार, ती उठून बंद करणार. मूलबाळ नव्हतं, तेव्हा दोघांचा संसार म्हणजे हा एवढा एकच खेळ होता, चालू आणि बंद.

आता माझ्याविषयी थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर हिराजीदादाने माझं काय नुकसान केलं ते कळायचं नाही. अलिबागजवळ, थळच्या अलीकडे आमचं गाव. बंदरावर मी होड्यांना बर्फ विकतो, आणि गावात थापा मारण्याचा मान वंशपरंपरेने माझ्याकडे आहे. माझ्या बर्फाच्या लादीत अडकलेलं पापलेट मुरुडला जाऊन परत आलं, टेम्पोचं दार उघडून खाली उतरलं आणि पाण्यात शिरताना मागे वळून बघितलं, ही हकिकत मी जाळी विणायच्या शेडमध्ये इतक्यांदा सांगितली की आता पोरं त्या पापलेटाची तब्येत विचारतात. असं माझं राज्य सुखात चाललं होतं. आणि तीसेक वर्षं गुजरातेत नोकरी करून हिराजीदादा रिटायर होऊन गावी आला.

पहिल्याच दिवशी शेडमध्ये येऊन बसला. अंगाने काटकुळा, कान मात्र सुपाएवढे. आल्या आल्या त्याने कोपऱ्यातल्या पाण्याच्या पंपाला कान लावला, "बेअरिंग गेलंय," म्हणाला, आणि मग आम्हाला हात जोडले. राम राम नाही, काही नाही. म्हणाला, "हवा चालू राखजो."

कोणीतरी विचारलं, "तिकडं काय करायचास, दादा?"

"आग लावायचो."

"कवा? कुठं?"

"जमिनीखाली. लय खोल. गावातले समदे नारळ एकावर एक उभे केले तरी तळाला पोचनार न्हाय."

"आणि ती कशापायी?"

"तेल काढाय."

शेड अशी हसली की वरचे पत्रे वाजले. मी मात्र हसलो नाही. थाप ऐकली की मला तिचं वजन कळतं, आणि ही फार जड थाप होती. मी म्हटलं, "दादा, तेलात आग लावली तर तेलच जळंल ना?"

"थोडं जळतं," तो म्हणाला. "तेवढं जाळायचंच असतं, बर्फ्या. तिकडं तेल वाळून मुरलेलं हाय. तेल कसलं, डांबर. रस्त्याव टाकतात ना, तसलं. पंप लाव न्हायतर देव लाव, वर येत न्हाय. मंग एका विहिरीतून खाली आग पेटवायची आणि वरून हवा दाबायची. चोवीस तास हवा. थोडं डांबर जळतं, त्याच्या धगीन बाकीचं पातळ होतं आणि म्होरं पळतं. म्होरं दुसऱ्या विहिरी हायेत, तिथून वर. मागून आग चालत येती, म्होरून तेल धावतं. अंगाव कुत्रा आल्यावं तू धावतोस तसं."

मी तेव्हाच गादीवरून उतरलो. माझं पापलेट पाण्यात गेलं ते गेलंच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं खरं होतं. सोसायटीतल्या कॉलेजवाल्या पोराने मोबाईलवर शोधून खात्री करून दिली. तेव्हापासून मला कळलं, की खऱ्याला खोट्यापेक्षा मोठं व्हायची परवानगी देवाने द्यायला नको होती.

हिराजीदादा होता कॉम्प्रेसरवर. हवा दाबणारी जी अजस्र यंत्रं, त्यांच्या शेडमध्ये. आग त्याने आयुष्यात एकदाही पाहिली नाही. "आग दिसत न्हाय, ऐकायची असते," असं तो म्हणे. दुसरं म्हणजे तेलाच्या विहिरीतून जो वायू वर येतो तो तपासायचा. त्यात कार्बन डायऑक्साइड किती, ते बघायचं. "सीओटू चढला की समजायचं, खाली मस्त पेटलंय. ज्या दिवशी सीओटू चढायचा त्या दिवशी आमचा मुकादम पेढे वाटायचा." उतरला, तर आग मंदावली. मग काय करायचं? हवा वाढवायची. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे हवा कधीही बंद पडू द्यायची नाही. बंद पडली तर जिकडून हवा घालतो त्याच विहिरीत तेल आणि वायू मागे फिरून शिरतात, आणि मग परत हवा सोडायला जावं तर भडका. म्हणून तो गुजराती मुकादम ड्यूटी बदलताना प्रत्येकाच्या खांद्यावर थाप मारून म्हणायचा, हवा चालू राखजो, म्हणजे चालू ठेवा. हिराजीदादाने ते वाक्य पेन्शनबरोबर घरी आणलं.

ह्या हवेपायी त्याची आई गेली तेव्हा तो वेळेवर पोचला नव्हता. निरोप मिळाला, पण पुढच्या पाळीचा माणूस आलेला नव्हता, आणि त्याच्याही पुढचा आजारी. हा कॉम्प्रेसर सोडून हलला नाही. गावी आला तो दिवसकार्याला. आमच्यात माणूस गेलं की ते जिथे झोपत असे त्या जागी दिवा ठेवतात आणि दहा दिवस विझू देत नाहीत. चांगुणावयनीने एकटीने तो दिवा राखला होता. ती मग आयुष्यभर त्याला ऐकवायची, शेडमधल्या सगळ्यांसमोर, "ह्यांनी गुजरातची आग संभाळली आणि आयचा दिवा मी. कोनाची विझली न्हाय. पन आय कोनाची होती?"

हिराजीदादा कान खाजवायचा.

वयनीची जीभ म्हणजे बोंबलाचा काटा, दिसायला मऊ आणि लागायचा बरोबर. एकदा तो आम्हाला कॉम्प्रेसरचा दाब समजावून सांगत होता, तर ही आतून म्हणाली, "धरतीच्या पोटात तीस वर्स हवा घातलीस. माझ्या चुलीत कोन घालत होतं?" तिने जन्मभर ओल्या लाकडाची चूल फुंकली. तांदळाची भाकर गॅसवर फुलत नाही, ह्या एका हट्टापायी गॅस घरात आला तरी शेगडीवर तिने वर्षभर कुंडी ठेवली होती. फुंकणी तोंडाला, डोळ्यांत पाणी, घरभर धूर. आणि तिकडे तो पठ्ठ्या जमिनीखालच्या आगीला यंत्राने फुंकर घालतोय. दोघांचा धंदा एकच होता म्हणायचा. फक्त धूर एकीच्याच वाट्याला आला.

तो धूर वयनीच्या छातीत बसला. आधी जिना चढताना धाप, मग ओटीवर येताना, मग नुसतं बोलताना. बोलताना धाप लागायला लागली तेव्हा हिराजीदादा खरा घाबरला. अलिबागच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, फुप्फुसं निकामी होत चालली आहेत, बरी होणार नाहीत. घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा.

ते मशीन माझ्याच टेम्पोतून आलं. त्याची सरबराई बघून माझं लग्न मला अगदीच किरकोळ वाटलं. हिराजीदादाने ते ओटीवर ठेवून घेतलं, चालू केलं, कान लावला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "बर्फ्या, कॉम्प्रेसर हाय रं! आत कॉम्प्रेसर हाय!" वीस वर्षांनी लहान झाला. वयनीच्या नाकाला नळी लावली, हवा किती जाते ते दाखवणारी काचेच्या नळकांडीतली गोळी वर उचलली गेली, आणि हा तिच्या खाटेशी मांडी घालून ड्यूटीवर बसला.

डॉक्टर स्वतः एकदा घरी आला. तरुण, घाईतला. त्याने काचेवर काळ्या शाईने रेघ मारली. "गोळी ह्या रेघेच्या वर जाता कामा नये. कमी पडतंय वाटलं तर मला फोन करा, बटण फिरवू नका. आणि मशीनजवळ चूल, विडी, दिवा, काही नको. ऑक्सिजनमध्ये भडकतं."

भडक्याचं हिराजीदादाला पटलं. रेघेचं कारण त्याने विचारलं नाही. डॉक्टर निघाला तेव्हा हिराजीदादा त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "हवा चालू राखजो." डॉक्टर दचकला.

मग ते वादळ आलं. आमच्या किनाऱ्यावर ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना मी सांगतो, की माझ्या बर्फाच्या शेडचं छप्पर उडालं ते थेट न्हावा शेव्याला जाऊन पडलं आणि तिथल्या लोकांनी ते कंटेनरात भरून दुबईला पाठवलं. नारळी आडव्या, विजेचे खांब आडवे. लाईट गेली ती लवकर यायची नाही हे कोणीही सांगितलं असतं. इन्व्हर्टर संध्याकाळपर्यंत पुरणार होता. हिराजीदादा वाऱ्यात धोतर सावरत मांडववाल्याकडे गेला आणि लग्नातला जनरेटर उचलून आणला, आम्ही चौघांनी ढकलत. पडवीच्या बाहेर पत्र्याखाली तो बसवला. माझा बर्फ तर सगळा पाणी झाला होता, तेव्हा टेम्पो मोकळाच. मी पडलेल्या झाडांच्या बाजूने, कधी खालून, डिझेल आणत राहिलो. गावात दुसरा आवाजच नव्हता. सगळीकडे अंधार, आणि हिराजीदादाच्या घरून भडभडभड. लोक मोबाईल चार्ज करायला यायचे आणि वयनीची चौकशी करून जायचे.

वयनी खाटेवरून म्हणाली, "माझ्या एकटीपायी गावभर धूर केलास. आता गाव खोकंल."

"खोकू दे. तुझी हवा बंद पडनार न्हाय."

आणि पडली नाही. लाईट आली त्या सकाळी त्याने जनरेटरला नारळ वाढवला. आमच्या सगळ्यांच्या पाया पडायचाच काय तो बाकी राहिला. मला म्हणाला, "मुकादम असता ना, तर पेढे वाटले असते त्यानं." इतका सुखी माणूस मी त्याच्याआधी पाहिला नाही आणि नंतरही नाही. इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं.

श्रावणात तिचं जास्त झालं. सकाळी डोकं दुखायचं, बोलता बोलता डोळा लागायचा, ओठ जांभळे दिसायचे. एका दुपारी मी गेलो तर गोळी रेघेच्या बरीच वर होती. मी बोट दाखवलं.

"अरं, ती रेघ डॉक्टरन अंदाजान मारली. तो येतो कवा? मी हितं समदा येळ बसलोय. आग मंदावली की हवा वाढवायची. तीस वर्स दुसरं काय केलं मी?"

आणि गुण तर दिसत होता. ओठांचा जांभळा रंग गेला. दोन दिवसांनी त्याने मला मुद्दाम हाक मारून आत नेलं. वयनी शांत झोपली होती. कित्येक महिन्यांत ती आडवी होऊन अशी झोपली नव्हती. गालांवर लाली. हिराजीदादा कुजबुजला, "हात लाव. लाव तर." तिचा हात गरम होता, ओलसर. "बघ कशी धग आलीय. पेटलं, बर्फ्या. खाली पेटलं."

तिने डोळे उघडले. जड जिभेने, शब्द शोधत म्हणाली, "आवाज लय होतो रं... जरा बंद कर ना."

"बंद?" तो हसला. "येडी काय तू? बंद करायचं आपल्यात कोनाचं काम?"

"माझं," ती म्हणाली आणि हसली. हात थोडा उचलला मशीनकडे, तो परत गोधडीवर पडला. झोपली. त्याने गोळी आणखी वर नेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठेना. हलवलं, पाणी मारलं, हाका मारल्या. माझ्याच टेम्पोत मागे गादी टाकून तिला अलिबागला नेलं. ज्या टेम्पोतलं पापलेट जिवंत होतं त्या टेम्पोत. डॉक्टर धावला, आत घेतलं. तास-दीड तासाने बाहेर आला तो सावकाश चालत आला, त्यावरूनच कळलं.

"ऑक्सिजन किती ठेवला होता?"

हिराजीदादाने सांगितलं. लपवलं नाही. उलट जरा ताठ होऊनच सांगितलं.

डॉक्टर भिंतीला टेकला. तो काही ओरडला नाही. म्हणाला, "काका, अशा पेशंटला जास्त ऑक्सिजन दिला की त्यांचा श्वास मंदावतो. आतला वायू बाहेर पडत नाही. माणूस गुंगीत जातो, गाल लाल होतात, हात गरम लागतात. बरं वाटतंय असंच दिसतं. पण रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो."

"सीओटू?" हिराजीदादाने विचारलं.

"हो."

"चढला होता?"

"खूप चढला होता."

हिराजीदादा बाकावर बसला. मला वाटलं त्याला कळलं नसावं, मी समजावायला वाकलो. पण तिथे जमलेल्यांत त्याच्याइतकं कोणालाच कळलं नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी आपले ते मोठे कान झाकून घेतले आणि फरशीकडे बघत म्हणाला, "आमच्यात हा चढला की पेढे वाटायचे."

एवढंच. डॉक्टरला शिवी नाही, देवाला नाही. स्मशानात चितेला अग्नी देताना वारा पडला होता, लाकडं ओली होती, पेटेना. कोणीतरी पुठ्ठ्याने वारा घालायला लागलं. तो मागे सरकला आणि तोंड समुद्राकडे करून उभा राहिला.

परत आलो तेव्हा दिवेलागण होत होती. घराबाहेरूनच तो आवाज ऐकू आला. मशीन चालूच होतं. गडबडीत तिला उचलून नेलं तेव्हापासून ते तसंच चालत होतं. नळी उशीवर पडलेली, उशीच्या सुरकुतीत फुसफुसत होती. हिराजीदादा जाऊन खाटेशी, रोजच्या जागी, मांडी घालून बसला.

माझी बायको मंदा दिवा घेऊन आली. वयनीच्या जागेवर ठेवायचा म्हणून तिने दिव्याखाली पीठ पसरायला घेतलं, काडी काढली.

"थांब मंदा," तो म्हणाला. "हवा चालू हाय. भडकंल."

"मग बंद करा ना दादा ते."

तो बसून राहिला. बाया दारात, मी उंबऱ्यात. मशीन घरघरत होतं, गोळी काचेत वर तरंगत होती, रेघेच्या पार वर. मंदाच्या हातात न पेटवलेला दिवा.

"बंद करायचं काम तिचं," तो म्हणाला.

मी पुढे झालो तर त्याने हात आडवा धरला. मग गुडघ्यांवर रांगत तो मशीनपाशी गेला, त्याला एक कान लावला, डोळे मिटले आणि चाचपडत बटण शोधलं. रोज बघितलेलं बटण, पण बोटाला सापडेना. सापडलं तेव्हा त्याने ते दाबलं.

घरघर खाली खाली गेली. गोळी तळाला बसली. तो कान लावूनच होता. कॉम्प्रेसर थांबल्यावरही आतून कसला तरी बारीक सुस्कारा येत होता, तो संपेपर्यंत त्याने कान काढला नाही. मग म्हणाला, "आता लाव."

ते दहा दिवस दिवा त्याने राखला. त्यानंतर शेडमध्ये यायला लागला, पण गुजरात नाही, तेल नाही, आग नाही. मी माझं पापलेट परत काढलं, हिराजीदादाला हसू यावं म्हणून पापलेटाला टेम्पो चालवायला लावला. तो नुसता ऐकायचा. भेटल्यावर त्या एका वाक्याऐवजी राम राम म्हणायचा, दुसऱ्या कोणाही माणसासारखा. आणि उठताना पंखा बंद करायचा. देवळात, सोसायटीत, आमच्या घरी. माणसं बसलेली असायची, गप्पा चाललेल्या असायच्या, घाम निथळत असायचा. हा उठणार, भिंतीपाशी जाऊन बटण दाबणार आणि निघून जाणार. कोणी त्याला काही म्हणत नसे. तो गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत आम्ही तसेच उकाड्यात बसून राहायचो. मग कोणीतरी उठून लावायचं.

पुढच्या वैशाखात तो गेला. सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही म्हणून मी आणि मंदा गेलो. खोली भट्टीसारखी तापलेली, खिडक्या लावलेल्या, पंखा बंद. रेडिओ बंद, मोरीतला दिवा बंद. तो वयनीच्या खाटेवर एका कुशीवर, एक कान उशीत दाबून.

त्या संध्याकाळी मंदाने तिथेच पीठ पसरून दिवा लावला. ह्या वेळी कोणी थांब म्हटलं नाही. वारा असा नव्हताच, ज्योत हलतसुद्धा नव्हती. मी जाऊन पंख्याच्या बटणाला हात लावला, आणि दिव्याकडे बघून तसाच काढून घेतला.